नबीलचा शुक्रवार

नबील दुकानात आला की आधी माणसांशी बोलायचा नाही. चपला दाराशी काढायचा, खांद्यावरची पेटी पाटावर हळूच टेकवायचा आणि भिंतीला ओळीने टांगलेल्या भोपळ्यांपाशी जायचा. तंबोऱ्यासाठी वाळवलेले मोठाले भोपळे ते. एकेकावर बोटाच्या पेराने टकटक करायचा, कान लावायचा, एखादा आवडला तर मान हलवायचा. मग आमच्याकडे वळून म्हणायचा, "काय दस्तगीर, बरं हाय न्हवं?" मला सुरुवातीला याचा राग यायचा. जिवंत माणूस समोर बसलाय आणि हा सुक्या भोपळ्यांची खुशाली विचारतोय. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाला, "तू काय, बरा नसलास तर बोंबलशील. त्यांना कोन विचारनार?"

आमचं दुकान मिरजेत, वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत. पणजोबा तलवारींना धार लावायचे म्हणतात. तलवारी गेल्या आणि घर तंबोऱ्यांकडे वळलं. मी चौथ्या पिढीचा. माणूस म्हणून मी तिरसट आहे. माझी बायको शबाना हे नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला धक्का नको. माझ्या कामात खोट काढलेली मला खपत नाही. एकदा पुण्याचे एक गवई म्हणाले, "जवारी डावीकडे जरा जास्त घासली गेलीय." मी तंबोरा त्यांच्या हातात दिला आणि शेजारच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

जवारी म्हणजे काय ते इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यापायी झालं. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने अगदी बारीक उतार देऊन घासायचा. उतार नेमका बसला की तार घोडीला शिवते न शिवते आणि तिच्यातून भरलेला, गुणगुणता आवाज उठतो. कानस केसभर जास्त फिरली तर तार खरखरते, कमी फिरली तर मुकी राहते. वाजवून वाजवून जवारी झिजते, मग ती पुन्हा काढावी लागते. माझे अब्बा म्हणायचे, "जवारी डोळ्यानं काढायची नसती रं, कानानं काढायची असती." शेवटची काही वर्षं त्यांना धड दिसत नव्हतं, तरी त्यांच्या हातची जवारी मला आजवर साधलेली नाही. दुसरंही एक ते म्हणायचे. आपल्या दुकानातून मुकी तार बाहेर जाता कामा नये.

नबील पहिल्यांदा आला तेव्हा विशीतला होता. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा पोरगा, सांगलीला फार्मसी शिकायला आलेला. कुणीतरी सांगितलं, मिरजेत तारांची वाद्यं होतात, म्हणून बस धरून आला. पेटीतून त्याने एक वाद्य काढलं. अर्ध्या कापलेल्या भोपळ्यासारखं पोट, आखूड मान, खुंट्यांचा भाग मागे मोडल्यासारखा वळलेला. नाव विचारलं तर म्हणाला, ऊद. आमच्याकडे ऊद दर्ग्यात जाळतात. अब्बांनी ते मांडीवर घेतलं, उलटंपालटं केलं, मानेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्याला पडदेच न्हाईत. मग सूर घावतो कसा?" नबीलला तेव्हा हिंदीही धड येत नव्हती. त्याला प्रश्न मात्र बरोबर कळला. त्याने आपला कान धरून दाखवला. अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून तो आमच्या घरचा झाला.

मराठी तो शिकला ती मेसमध्ये, चहाच्या गाड्यावर आणि आमच्या गल्लीत. त्यामुळे पुस्तकातलं मराठी त्याच्या तोंडी कधी बसलंच नाही. 'आहे'ला 'हाय' आणि 'खूप'ला 'लय'. फार्मसी त्याने पुरी केली आणि औषधाच्या दुकानात एक दिवसही बसला नाही. पाचगणीच्या एका निवासी शाळेत संगीत शिकवायला लागला. डोंगरावर का गेलास म्हणून विचारलं तर म्हणाला, "आमचं गाव दोन डोंगरांच्या मधे हाय. सपाटीवर मला झोप येत न्हाई, गड्या."

त्याचा एक नेम होता. दर शुक्रवारी आपले पाच वाजले की तिकडे दुपारचे अडीच होतात, नमाज आणि जेवण आटोपून त्याचे वडील फोनपाशी बसलेले असतात. म्हातारा दिवसा सुतारकाम करायचा आणि लग्नांमधून ऊद वाजवायचा. मग अर्धांगाने उजवा हात गेला, साखरेने डोळे गेले. लेक शिकायला निघाला तेव्हा त्याने आपला ऊद त्याच्या खांद्यावर दिला आणि एकच गोष्ट मागितली. आठवड्यातून एकदा मला ऐकव. नबील तेवढ्यासाठी शाळेत रविवारची ड्युटी करायचा आणि शुक्रवारची सुट्टी मागून घ्यायचा. पाचगणीच्या वाऱ्यात फोन तुटतो म्हणून महिन्यातले एक-दोन शुक्रवार तरी एस.टी.ने वाई, सातारा करत आमच्याकडे उतरायचा. पाटावर बसायचा, फोन समोर ठेवायचा, दहा-पंधरा मिनिटं वाजवायचा. पलीकडून म्हातारा एखादा शब्द बोलायचा. कधी 'बरं', कधी 'पुन्हा'. तो शब्द ऐकून नबीलचे खांदे खाली यायचे, ते मी पंधरा वर्षं पाहिलं.

वडिलांना हव्या असायच्या जुन्या चाली, त्यांच्या लग्नांतल्या. नबीलला खाज नव्या रचनांची. त्याच्या रचनांची नावंसुद्धा धड नसायची. एकीचं नाव 'कँटीनची घंटा', एकीचं 'धुकं आणि गाढव'. एक होती 'पसरणी घाट'. वाईहून पाचगणीला चढणारी एस.टी. वळणावर दम टाकते, ड्रायव्हर गिअर बदलतो, मागचं कुणीतरी खिडकीतून ओकतं आणि वर पोचल्यावर एकदम गार हवा लागते. हे सगळं त्यात होतं, ओकणाऱ्यासकट. आमच्या शेजारचे गुरव मास्तर तबला वाजवतात. त्यांना नबीलने सांगितलं, ही दहा मात्रांची हाय. मास्तर खूश झाले, झपताल धरून बसले आणि दुसऱ्याच आवर्तनाला घसरले. "आरं, दहाच हायत न्हवं?" "दहाच हायत मास्तर. पन तुमी आधी दोन पावलं टाकताय, आमी आधी तीन टाकतो." मग तीन शुक्रवार दोघं बोटं मोजत बसले होते. चौथ्या शुक्रवारी मास्तर घाट चढले.

म्हाताऱ्याला मात्र ती रचना रुचली नाही. पुरी ऐकली आणि काहीतरी बोलला. मी विचारलं, काय म्हणाले? नबील म्हणाला, "म्हनतात, गाडीचा आवाज ऐकायला मी तुला ऊद दिला नव्हता. गाडी हितंबी हाय." त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. तरी पुढच्या शुक्रवारी त्याने मुकाट जुनी चाल वाजवली.

आता माझी एक लाज सांगतो. उदाला आमच्यासारखी घोडी नसते. तारा थेट तबलीवर, म्हणजे पोटावरच्या पातळ लाकडी फळीवर, चिकटवलेल्या पट्टीला बांधलेल्या असतात, त्यामुळे आवाज येतो आणि विझतो. ठम् आणि संपलं. लोकांना तो गोड वाटतो. मी दिवसभर तंबोऱ्यात बसणारा माणूस. मला तो ऐकताना जेवता जेवता ताट ओढून घेतल्यासारखं व्हायचं. पंधरा वर्षं माझे हात शिवशिवत होते. एकदा मी त्याला म्हणालोही, "नबील, एक बारीक घोडी बसवू दे. जवारी काढून देतो. वाद्य बोलायला लागंल." त्याने हसून हात जोडले. "नगं. आमचा आवाज कोरडाच असतो, भाकरीसारखा. कालवन ऐकनाऱ्यानं घ्यायचं." मी कानस खाली ठेवली. पण मनातून काही गेलं नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. पाचगणीत पाऊस लागला की महिनोन् महिने कपडे वाळत नाहीत. उदाचं लाकूड ओल धरून फुगलं, आणि आमच्या या शहाण्याने ते सुकवायला शेगडीजवळ ठेवलं. पंधरा वर्षं वाद्यांच्या दुकानात ऊठबस, आणि शेगडीजवळ! तबली वीतभर चिरली आणि तारांची पट्टी निम्मी उखडली. दुकानात आला तेव्हा भोपळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. पेटी उघडून नुसता उभा राहिला. मी त्याला काही बोललो नाही, म्हणजे बघा.

असल्या कामाला घाई चालत नाही. चिरेत लाकडाची बारीक चीप भरायची, सरस वाळू द्यायचा, पट्टी परत बसवायची, तीही सुकू द्यायची. मी चार आठवडे सांगितले. म्हणजे तीन शुक्रवार बुडणार होते. वडिलांना खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. पहिल्या शुक्रवारी त्याने सांगितलं, ताप आलाय. दुसऱ्या शुक्रवारी, शाळेत परीक्षा आहे. तिसऱ्या शुक्रवारी आमच्या दुकानातून फोन लावून म्हणाला, बोट कापलंय. पलीकडे म्हातारा दोन-चार वाक्यं बोलला आणि फोन ठेवला. नबीलचा चेहरा पांढरा पडला होता. मी हलवून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं.

"म्हनाले, विकलास ना? विकला असशील तर सांग. मी रागावनार न्हाई. फक्त खोटं नगं."

"मग सांगायचंस की चिरलाय म्हणून."

"आता कोन विश्वास ठेवतंय, दस्तगीर? तीन शुक्रवार खोटं बोललोय. आता खरं बोललो तरी चौथं खोटंच वाटंल."

वर आणखी एक. पुढच्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी म्हाताऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. वय झालेलं, त्यात साखर. डॉक्टरांनी भरवसा दिला नव्हता. म्हणजे हातात एकच शुक्रवार होता. लेकाने आपला ऊद विकून खाल्ला, असं मनात धरून तो माणूस टेबलावर जाणार की वाजताना ऐकून जाणार, एवढाच प्रश्न होता. मी नबीलला शब्द दिला, शुक्रवारी पाचच्या आत वाद्य तुझ्या हातात असेल.

शब्द मी पाळला. गुरुवारी दुपारीच काम पुरं झालं. चीर बोटाला लागत नव्हती, पट्टी दगडासारखी बसली होती. तारा चढवल्या आणि छेडून पाहिलं. ठम्, आणि संपलं. तोच आवाज, पंधरा वर्षांचा. दुरुस्ती चोख झाली होती, उठून हात धुवायचे आणि चहा प्यायचा. पण माझ्या मनात आलं, नाहीतरी उद्यापर्यंत वाद्य माझ्यापाशीच आहे. एकदा बघू तर. आवडलं नाही तर काढायला कितीसा वेळ लागतो? उंटाच्या हाडाची एक पातळ पट्टी कापली, तारांखाली सरकवली आणि कानस घेतली. शबाना चहा ठेवायला आली, तिने एकदाच विचारलं, "त्याला विचारलंय का?" मी म्हणालो, "तू जा." तासाभराने बारीक तारा नुसत्या खरखरत होत्या, पण सगळ्यात जाड तार, जिच्यावर तारेचा वेढा असतो ती, अशी बोलली की माझ्या अंगावर काटा आला. तो येईल, त्याला एकदा ऐकवू, मग पट्टी काढून टाकू, असं ठरवून मी ती तशीच ठेवली.

शुक्रवारी कराडजवळ त्याची एस.टी. बंद पडली. चारला येणारा माणूस पाचला पाच मिनिटं कमी असताना धावत दारात आला. मी तोंड उघडणार, तोच त्याचा फोन वाजला. पंधरा वर्षांत म्हाताऱ्याने स्वतःहून फोन लावल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी लावला. नबीलने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ऊद उचलला, फोन पाटावर ठेवला, मांडी घातली. मी म्हणालो, "नबील, जरा थांब." त्याने हाताने गप्प राहायची खूण केली. आणि वाजवायला लागला.

पहिल्याच सुराला त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. थांबता येत नव्हतं. थांबला असता तर म्हातारा काय समजला असता? तो वाजवत राहिला. बारीक तारांवर खरखर ऐकू आली की त्याचा जबडा आवळायचा. मग त्याने काय केलं, तर चाल हळूहळू खाली आणली, बारीक तारा सोडल्या आणि जाड तारेवर येऊन राहिला. दुकान भरून गेलं. भिंतीवरचे तंबोरेसुद्धा त्या सुरावर गुणगुणायला लागले. गुरव मास्तर दारात येऊन उभे राहिले होते. माझं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. मी फोनकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, या अल्ला, एवढा एक वेळ माझी लाज राख.

तो थांबला. पलीकडे शांत. फोन तुटला की काय, म्हणून नबील वाकला. तेवढ्यात म्हाताऱ्याचा आवाज आला. एकच वाक्य. नबीलने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काय म्हनत्यात?" मास्तरांनी विचारलं.

"विचारतात, तुझ्याबरोबर दुसरं कोन वाजवतंय?"

नबीलला खोटं बोलता येत नसे, ते त्या तीन शुक्रवारी कळलंच होतं. त्याने खरं ते सांगितलं असावं, कारण मधे 'मिरज' ऐकू आलं आणि 'दस्तगीर' ऐकू आलं. चीर, शेगडी, सगळं सांगून टाकलं, हे मागाहून कळलं. तो बोलत होता आणि मी कान पकडून उभा होतो, जणू म्हाताऱ्याला ते दिसणार होतं. मग पलीकडून हसू आलं. दमेकरी, बारीक, पण हसूच. म्हातारा बराच वेळ बोलला. नबील मनगटाने नाक पुसत नुसता "व्हय, व्हय" करत होता, तेही मराठीत.

फोन ठेवल्यावर त्याने सांगितलं. "म्हनाले, विकला न्हाईस, बरं वाटलं. मग म्हनाले, पंधरा वर्षं मी ऐकत होतो आनि मनात म्हनत होतो, पोरगं परमुलखात एकटंच वाजवत बसतंय. आज ऐकलं तर दोघंजन हायत. म्हनाले, त्याला सांग, पुढच्या शुक्रवारीबी ये."

मी सरळ आत गेलो आणि चूळ भरायचं निमित्त केलं. बाहेर आलो तर नबील ऊद मांडीवर घेऊन माझी पट्टी न्याहाळत होता. म्हणाला, "दस्तगीर, तू माझ्या बापाच्या घरात न विचारता भिंत फोडलीस."

"फोडली," मी म्हणालो. "काढून टाकतो आत्ता."

"बस खाली. म्हातारा म्हनतोय, वारा बरा येतोय."

पण बारीक तारांखालची पट्टी त्याने माझ्याकडून तेव्हाच कापून घेतली, आणि जोवर एकेक तार पुन्हा कोरडी वाजली नाही तोवर मला उठू दिलं नाही. जाड तारेखालचा नखाएवढा तुकडा तेवढा राहिला.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढच्या शुक्रवारी पाच वाजता गुरव मास्तर, मी, शबाना, सगळे फोनभोवती बसलो होतो. म्हाताऱ्याचा आवाज पार बसला होता. दोनच शब्द आले. नबील हसत म्हणाला, "विचारतात, मिरजवाला आलाय का?" शबानाने त्या दिवशी शिरा केला आणि गल्लीभर वाटला. कशाचा म्हणून विचारलं तर ती सांगायची, नाब्लुसचे पाहुणे बरे झाले.

त्या तुकड्यावर नबीलने एक नवी रचना केली. नाव ठेवलं 'दोघं'. सुरुवातीला सगळं कोरडं, एकटं. एक चाल पुढे जाते, थांबते, मागे वळून बघते. जाड तारेला तो हातच लावत नाही. ऐकणारा विसरून जातो की ती तिथे आहे. आणि शेवटाकडे ती पहिल्यांदा वाजते आणि वाजतच राहते. साताऱ्याला एका शाळेच्या हॉलमध्ये त्याने ती वाजवली. पन्नास-साठ माणसं, निम्मे त्याच्या विद्यार्थ्यांचे आई-वडील. ती तार बोलली तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या, माण तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनी मला विचारलं, "आवं, ह्यो दुसरा कुठं बसलाय?" मी त्या जाड तारेकडे बोट दाखवलं.

वडिलांनी ती रचना फोनवर ऐकली. गाडीचा आवाज वगैरे काही म्हणाले नाहीत. म्हणाले, 'पुन्हा'.

मग एक दिवस नबील म्हणाला, "म्हाताऱ्याला एकटं ठेवनं बरं न्हाई. जातो." आम्ही सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. तिकडच्या बातम्या रोज दिसत होत्या. "आरं, लोक तिकडनं हिकडं येत्यात, तू उलटा कुठं निघालास?" मास्तर म्हणाले. नबील म्हणाला, "मास्तर, आमच्यात म्हनतात, बापजाद्यांनी जैतुनाची झाडं लावली, फळं आमी खाल्ली. खाल्लीत तर पानी घालायला नगं?" निघताना मी एका पत्र्याच्या डबीत बारीक कानस आणि हाडाचे चार तुकडे घालून दिले. "जवारी वर्षभरात उतरंल. मग तुला काढायला लागंल." "मला जमनार न्हाई, दस्तगीर." "जमंल. डोळ्यानं बघू नगंस, कानानं काढ." विमानतळावर हाडं बघून काय म्हणतील, याची शबानाला काळजी. नबील म्हणाला, "सांगीन, मिरजेचा एक मित्र हाय, त्याची हायत." सगळ्यांच्या गळाभेटी झाल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने क्रम उलटा केला. आधी माणसांचा निरोप घेतला, मग भोपळ्यांपाशी गेला. एकेकावर टकटक करत शेवटच्या भोपळ्याशी पोचायला त्याला बराच वेळ लागला.

आता शुक्रवारी पाच वाजता तो तिकडून फोन लावतो आणि मी इकडे पाटावर बसतो. सुरुवातीला नीट चाललं होतं. मग मला ऐकू यायला लागलं, जाड तार हळूहळू गप्प होत चाललीय. मी फोनवरून त्याला सांगितलं, असं घास, तसं धर. त्याने दोन तुकडे वाया घालवले. "माझा हात सुराचा हाय, कानशीचा न्हाई," म्हणाला. मी वैतागलो, ओरडलो, पण हजारो मैलांवरून काय करणार?

आणि मग फोनच बंद झाले. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. मी लावला तर लागत नव्हता. टीव्हीवर तिकडचं काही दिसलं की शबाना उठून टीव्ही बंद करायची, आणि मी दुकानात जाऊन मोबाइलवर तेच बघायचो. मास्तर दर शुक्रवारी पावणेपाचला यायचे, पाटाच्या कडेला बसायचे, साडेपाचला उठून जायचे. तिसरा शुक्रवार गेला, चौथा गेला. चौथ्या शुक्रवारी मास्तर गेल्यावर मी उठलो आणि नबील करायचा तसं एकेका भोपळ्यावर टकटक केलं. का केलं, ठाऊक नाही. माझ्या हातून तसला बावळटपणा सहसा होत नाही.

पाचव्या शुक्रवारी पाच वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. मी हात पुढे करेपर्यंत मास्तरांनी तो उचलून पाटावर ठेवला. नबील काही बोललाच नाही, सरळ वाजवायला लागला. 'दोघं'. कोरडी चाल पुढे गेली, थांबली, मागे वळली. मी जाड तारेची वाट बघत होतो आणि मुक्या ठम् साठी मन घट्ट करून बसलो होतो. ती वाजली आणि दुकान भरलं. भरलेला, मोकळा, गुणगुणता आवाज. माझ्या जवारीपेक्षा मोकळा. अब्बांच्या हातच्यासारखा.

तो थांबला. तू कसा आहेस, कुठे होतास, फोन का नव्हता, हे सगळं मनात दाटलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"नबील, तुझ्याबरोबर कोण बसलंय?"

"कोन बसनार?" तो हसत होता. "म्हातारा. लाइनी बंद होत्या, आमी काकाच्या खेड्यावर होतो, सगळी बरी हाय. काम नव्हतं, म्हनून त्यानं तुझी डबी मागून घेतली. डाव्या हातानं जवारी काढली, चार आठवडे बसून. त्याला दिसत तर न्हाईच."

मास्तर मोठ्याने हसायला लागले आणि डोळे पुसायला लागले. तेवढ्यात पलीकडे म्हातारा काहीतरी बोलला. ठणठणीत आवाज. नबील जरा घुटमळला.

"काय म्हनत्यात?" मी विचारलं.

"जाऊ दे. तुला राग येईल."

"सांग रं."

"म्हनतात, दस्तगीरनं डावीकडं जरा जास्त घासली होती."

शबाना दारात उभी होती. मास्तरांनी हसू आवरून माझ्याकडे पाहिलं. दोघं वाट बघत होते, आता हा काय बोलतोय म्हणून.

"व्हय," मी म्हणालो. "त्यांना सांग, जास्तच घासली होती."